एस्तर गायची तेव्हा हे वर बघायचे

लातूरहून संपादकांचा फोन आला तेव्हा मी शेंगा फोडत बसले होते. ‘आजी, दिवाळी अंकासाठी तुमचा अनुभव पाहिजे,’ म्हणाले. मला वाटलं, आली बाई एकदाची आपली पाळी. पदराला हात पुसले, केस सारखे केले, जणू फोनमधून त्यांना दिसतच होतं. म्हटलं, ‘लिहिते की. कुठून सुरुवात करू? उमरीत जयंतीच्या कार्यक्रमात पहिल्यांदा माईक धरला तिथून?’

तर पलीकडून, ‘तसं नाही आजी. श्रावणात एस्तर मॅडम गेल्या ना, त्यांच्यावर पाहिजे. आपल्या भागात जाझ गाणारी एकच बाई झाली. तुम्ही त्यांच्यासोबत गायलात असं कळलं.’

त्यांच्यासोबत! मी ऑर्केस्ट्रा झुंबरची मेन फिमेल होते तेव्हा ही बाई नांदेडच्या स्टेशनावर उतरलीसुद्धा नव्हती. ती माझ्यासोबत गायली. पण मेल्यावरसुद्धा पहिलं नाव तिचं, आणि मी आपली ‘सोबत’. त्या दिवशी शेंगा मी जरा जास्तच जोरात फोडल्या. आमचे हे, म्हणजे भास्करराव, पलीकडे पेपर वाचत होते. ‘काय झालं गं?’ म्हणाले. म्हटलं, ‘तुमच्या एस्तरवर लिहायला सांगितलंय.’ तर पेपर खाली ठेवून म्हणतात कसे, ‘लिही की. चांगलं लिही.’

चांगलं लिही म्हणे. घ्या, लिहिते.

आधी धंदा समजावून सांगते, कारण आताच्या पोरांना ऑर्केस्ट्रा ठाऊक नाही. त्यांच्या लग्नात एकजण लॅपटॉप घेऊन उभा राहतो आणि शेजाऱ्यांच्या भिंतींचा रंग पाडतो. आमच्या वेळी टेम्पोभर माणसं लागायची. अकॉर्डियन, व्हायोलिन, गिटार, ढोलक, बोंगो, दोन गाणारे आणि दोन गाणाऱ्या. गाणाऱ्या बाईला आमच्यात ‘फिमेल’ म्हणायचे. ऐकायला गुरांच्या दवाखान्यातला शब्द वाटतो, पण मला त्याचा कोण अभिमान! मेन फिमेल म्हणजे मधला माईक, गाजलेली गाणी आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा. सेकंड फिमेल म्हणजे कोरस, आरती आणि मेन फिमेलचा घसा बसला तर नशीब.

आमचे मालक गफूरभाई. वजिराबादेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत आमच्या तालमी चालायच्या. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं टिकटिक करत, प्रत्येकाची वेळ वेगळी. त्यात ताल धरायचा म्हणजे ढोलकवाल्याची परीक्षाच. तो ढोलकवाला म्हणजे भास्कर. दिवसा सूतगिरणीत फिटर, संध्याकाळी आमच्यात. आमचं लग्न त्याच खोलीत जुळलं. गफूरभाईंनी दोन्ही घरी जाऊन बोलणी केली आणि आमच्या वडलांना म्हणाले, ‘लडका सीधा है, सिर्फ पान खाता.’

आमच्या कामाची अट एकच: गाणं रेकॉर्डसारखं आलं पाहिजे. रेकॉर्डवरच्या बाईने जिथे श्वास घेतला तिथे आपण घ्यायचा. तिने जिथे हुंदका दिला तिथे आपणही द्यायचा, तितकाच लांब. ‘हुबेहूब’ म्हटलं की भरून पावायचं. मी या कामात इतकी बारीक होते की काय सांगू. एका रेकॉर्डला चरा पडला होता, सुई तिथे उडी मारायची. ते गाणं आम्ही सगळ्यांनी त्याच रेकॉर्डवरून बसवलेलं. बिलोलीच्या कार्यक्रमात मी अंतऱ्यातली एक ओळ गाळून गायले आणि सगळा ऑर्केस्ट्रा माझ्यासोबत ती ओळ गाळून पुढे गेला. एकाचाही हात चुकला नाही! पुढे बसलेला एक मास्तर उठून म्हणाला, ‘बाई, मधली ओळ कुठं गेली?’ मी त्याच्याकडे असं बघितलं जणू त्यालाच गाण्यातलं काही कळत नाही.

अशी मी. खोट्या केसांची वेणी, टिकल्यांची साडी आणि ‘नांदेडची कोकिळा’ ही पदवी. पदवी कोणी दिली असं विचारू नका. निवेदकाला मीच लिहून दिली होती.

आता या सुखात एकच खडा होता. माझं गाणं चालू असताना भास्कर पान लावायचा. प्रत्येक गाण्यात तालाला विसावा असतो, नुसतं व्हायोलिन वाजतं तेवढा. तेवढ्यात हा पठ्ठ्या मांडीवरची डबी उघडणार, पानाला चुना लावणार, सुपारी टाकणार, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याचा हात ढोलकावर. चुकायचा नाही कधी. लोक म्हणायचे, ‘काय जोडी आहे!’ मीही तेच समजत होते. नवऱ्याला आपलं गाणं इतकं पाठ आहे याहून प्रेम ते काय असतं? अशी मी शहाणी.

मग एस्तर आली.

तिचं थोडक्यात सांगते, कारण अंक तिच्यासाठी आहे. आई जालन्याची, वडील सिकंदराबादला रेल्वेत. वडील बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, त्यांच्याकडे परदेशी रेकॉर्डी होत्या. पोरीने भाषा येण्याआधी ती गाणी उचलली. पुढे हैदराबादच्या एका हॉटेलात ती संध्याकाळी जाझ गायची, मागे चार वादक. भाऊ रेल्वेत गार्ड होता, त्याची नांदेडला बदली झाली. अंथरुणाला खिळलेली आई त्याच्याजवळ. आईला सोडून राहवेना म्हणून ही हॉटेल सोडून इकडे आली आणि एका शाळेत इंग्रजी शिकवू लागली. तिला आमच्या खोलीत आणलं गफूरभाईंनी. तिच्या भावाचं मनगटी घड्याळ दुकानात आलं होतं, त्यातून ओळख.

जाझवाली येणार म्हटल्यावर मी मनात सगळी तयारी केली होती. उंच टाचा असणार, ओठ रंगवलेले असणार, मराठी येत नसणार. मी काय बोलायचं, कसं तोंड वाकडं करायचं, सगळं ठरलेलं. आली तर कशी? खळ घातलेली सुती साडी, पायात चपला, डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा. गफूरभाईंशी दखनी बोलली ती त्यांच्याहून चांगली. माझ्याशी मराठीत म्हणाली, ‘तुम्हीच प्रमिलाबाई ना? लई ऐकलं तुमच्याबद्दल.’ मला बोलायला काहीच ठेवलं नाही तिने. यासाठी मी तिला अजून माफ केलेलं नाही.

गफूरभाई म्हणाले, ‘गाओ कुछ.’ तिने माझंच गाणं घेतलं. मुद्दाम नव्हे, ते तेव्हा सगळ्यांच्याच तोंडी होतं. पहिली ओळ सरळ म्हणाली. मी मनात म्हटलं, ठीक आहे, आवाज जाडा आहे, श्वास फुटतोय. दुसरी ओळ तिने उशिरा धरली. मला वाटलं, चुकली. तालाच्या मागे मागे रेंगाळत आली आणि शेवटच्या अक्षरावर बरोबर येऊन बसली. मग तिसऱ्या ओळीला तिने शब्दच सोडले. नुसते सूर, नुसते ‘दा-बा-दू’ असले बोल, खाली गेली, वर आली, एका सुरावर थांबून जणू दार वाजवलं, आणि परत ओळीवर. गाणं तेच होतं आणि तेच नव्हतं.

आणि भास्करने मान वर केली.

मी त्याला किती वर्षं ओळखत होते. ढोलक मांडीवर घेतला की त्याची मान खाली जायची ती शेवटच्या थापेपर्यंत खालीच. त्या दिवशी तो तिच्या तोंडाकडे बघत वाजवू लागला. डबी मांडीवरून घसरली, त्याला कळलं नाही. विसाव्याची जागा आली तेव्हा तो थांबलाच नाही. हलक्या बोटांनी तिला काहीतरी विचारत राहिला आणि ती सुरांनी उत्तर देत राहिली. माझ्या नवऱ्याला ढोलकावर बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. माझ्याशी तर तो घरीसुद्धा ‘हाव’ आणि ‘न्हाई’ एवढंच बोलायचा.

गाणं झाल्यावर मी म्हटलं, ‘हे काय झालं? गाणं असं कुठं आहे?’

गफूरभाई हसले. ‘पमाबाई, ये कव्वालीकाच काम है. कपडे बदल के आया.’

घरी येताना मी भास्करला विचारलं, ‘तिच्याकडं काहून बघत होतात?’

‘बघावं लागतंय,’ तो म्हणाला. ‘ती कुठं जाईल त्याचा भरवसा न्हाई.’

‘अन् माझ्याकडं?’

‘तुझं पाठ हाय की मला.’

तो हे कौतुकाने म्हणाला, मला नक्की माहीत आहे. पण त्या संध्याकाळी भाजीत मीठ दोनदा पडलं आणि त्याने निमूट खाल्ली.

पुढची काही वर्षं एस्तर आमच्यात गायली. मधला माईक माझाच राहिला, जागा ड्रायव्हरशेजारची, गाजलेली गाणी माझी. तिला गफूरभाई कार्यक्रमात एकच गाणं द्यायचे, मध्यंतरानंतर. लोकांना मीच आवडायचे, हे लिहून ठेवा. तिचं गाणं सुरू झालं की बाया एकमेकींना कोपराने ढोसायच्या. उमरीत एका आजीबाईंनी मला मागे येऊन विचारलं, ‘त्या पोरीला गाणं पाठ न्हाई का गं? लई घाबरून राहिली बिचारी.’ मी त्यांच्या पाया पडले. पण मला लोक काय करायचे होते? मला हवं होतं एवढंच, की माझं गाणं चालू असताना भास्करने एकदा मान वर करावी. एकदा. त्यासाठी मी टिकल्या वाढवल्या, हातवारे वाढवले, एकदा गाता गाता ढोलकासमोर जाऊन उभी राहिले. तर पायाच्या बोटाने मला बाजूला सरकवून म्हणतो, ‘माईकची वायर पायात येऊन राहिली.’

रेणापूरची गोष्ट सांगते. हळदीची संध्याकाळ, मोठं बागायतदार घर, अंगणात मांडव. एस्तरचं गाणं सुरू झालं आणि नवऱ्या मुलाचा मामा मंचासमोर आला. मिशा, फेटा, हातात पितळी मुठीची काठी. ‘ओ बाई! रेकॉर्डवर हाय तसं म्हणा, न्हाईतर खाली उतरा. आमच्या घरचं शुभकार्य हाय, असं गाणं मोडूनतोडून चालत न्हाई.’ वाद्यं थांबली. मला आतून असं गार वाटलं, उन्हाळ्यात माठातलं पाणी प्यायल्यावर वाटतं तसं.

एस्तरने त्याला नमस्कार केला. म्हणाली, ‘मामा, तुम्ही म्हणाल तसं.’ आणि तिने ते गाणं रेकॉर्डसारखं म्हटलं. हुबेहूब. प्रत्येक श्वास, प्रत्येक हेलकावा, तो जाडा आवाजसुद्धा तिने कुठेतरी ठेवून दिला. मामाने काठीने ताल धरला. मी तिथेच कोरसच्या स्टुलावर खाली बसले. म्हणजे माझी आयुष्यभराची कमाई हिच्याकडे होती आणि हिने ती ट्रंकेत तळाशी टाकून ठेवली होती, नको असलेल्या लुगड्यासारखी!

एकच समाधान. ते गाणं चालू असताना भास्करने पान लावलं.

मग मी ठरवलं, हिला येतं ते आपल्यालाही आलं पाहिजे. आणि इथे माझ्या अकलेचा कळस आहे, सावकाश वाचा. भास्करने तालमी ऐकायला एक टेपरेकॉर्डर आणला होता. एका तालमीत एस्तर गात असताना मी तो चालू करून ठेवला. ती कॅसेट घरी आणली आणि तिचं ते मनातून उगवलेलं, वाट फुटेल तसं गायलेलं गाणं मी पाठ करायला घेतलं. प्रत्येक ‘दा’, प्रत्येक ‘बा’. भाकरी थापताना, धुणं आपटताना, पोरीची वेणी घालताना. शेजारीण विचारायची, ‘काय मंतर म्हणून राहिल्या वहिनी?’ मधे एका ठिकाणी एस्तरला ठसका लागला होता. बारीकसा, ‘अहं’ असा. मी तोही बसवला. मला वाटलं, एवढी मोठी कलावंत, उगाच खोकेल का?

लातूरच्या एका कॉलेजात स्नेहसंमेलन होतं, दुपारचं. एस्तरला शाळेमुळे यायला उशीर होणार होता. मी गफूरभाईंना म्हटलं, ‘मध्यंतरानंतरचं गाणं आज मी म्हणते. तिच्या पद्धतीनं.’ त्यांनी अकॉर्डियन मांडीवर ठेवलं. ‘सोच लेव.’ म्हटलं, ‘सोचलं.’

गायले. काय सांगू, एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही. पोरं टेबलं बडवायला लागली. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून भास्करकडे बघितलं. मान खाली. मी वर गेले, मान खाली. मी ‘दार वाजवलं’, मान खाली. आणि ठसक्याची जागा जवळ आली तेव्हा त्याने शांतपणे डबी उघडली, मी ‘अहं’ केलं त्या विसाव्यात सुपारी तोंडात टाकली, आणि थापेवर हजर! अहो, घरात महिनाभर मीच घोकत होते ना ते. ऐकून ऐकून त्यालाही पाठ झालेलं. जगातलं पहिलं जाझ असेल ज्यात ढोलकवाल्याला पान लावायला सवड मिळाली.

एस्तर मधेच येऊन पडद्याआड उभी होती. मी आत गेले तर तिने माझे दोन्ही हात धरले, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. ‘पमा, वो खाँसी मेरी थी गं. तुझं तू खोक.’

तिच्या हसण्यात कुचकटपणा नव्हता, हेच मला झोंबलं. कुचकट असती तर भांडले असते, मन मोकळं झालं असतं.

असो. पुढे लग्नांत कॅसेटीच वाजू लागल्या, मग डीजे आले, गफूरभाईंनी अकॉर्डियन पेटीत घालून कपाटावर ठेवलं. त्यांच्या जाण्यालाही आता बरीच वर्षं झाली. एस्तरची आई गेली आणि तिने लातूरला शाळा धरली. तिथे पोरांना गाणं शिकवायची, नाताळात चर्चमध्ये मुलांचा गायनवृंद उभा करायची. तिची रेकॉर्ड निघाली नाही, पेपरात नाव आलं नाही. कोणी मला विचारलं की मी म्हणायचे, तिला ऐकणारी माणसं आपल्याकडं नव्हती. हे मी इतके दिवस म्हणत आले. पण ऐकणारी माणसं होती. त्यातला एक माझ्या घरी जेवत होता.

लातूरला गेलं की मी तिच्याकडे जायचे. गंजगोलाईत खरेदी झाली की रिक्षा करायची आणि तिच्या दारात उतरायचं. प्रेमाने जात होते असं समजू नका, ती किती थकली ते बघायला जायचे. ती मेली थकायची नाही. एकदा चहा पिताना मी मनातलं विचारून टाकलं. ‘एस्तर, तू गाताना कुठं जायचं ते तुला कसं कळायचं गं?’

‘मला कुठं कळायचं?’ ती म्हणाली. ‘मैं तो भास्कर कू देखती थी. तो जिकडं वाट मोकळी सोडायचा, तिकडं मी जायची.’

मी कप खाली ठेवला. मला इतकी वर्षं वाटत होतं, तो तिच्याकडे बघतो. ती त्याच्याकडे बघते हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि मी? मी नेहमी लोकांकडे बघून गायले. शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे बघावं असं गफूरभाईंनी शिकवलं होतं. ढोलक पाठीमागे असतो. पाठीमागच्या माणसाला आपण मान वळवून एकदाही बघितलं नाही आणि त्याने मात्र मान वर करावी, हा माझा हट्ट. त्या दिवशी मी चहा अर्धा टाकून आले. बस चुकेल म्हणून सांगितलं. बस तासाभरानं होती.

हे एवढं लिहून झालं होतं आणि लातूरहून शीतलचा फोन आला. शीतल म्हणजे एस्तरची विद्यार्थिनी, आता तिच्याच शाळेत गाणं शिकवते. ‘आजी, मॅडमसाठी प्रार्थनासभा ठेवलीय. तुम्ही आणि आजोबा या. एक गाणं म्हणा.’ मी म्हटलं, ‘माझा घसा कुठं राहिलाय बाई आता.’ असं म्हणायची रीत असते. फोन ठेवायच्या आत मी साडी कोणती नेसायची ते ठरवलं होतं.

शाळेच्या हॉलमध्ये दुपारी सभा भरली. समोर एस्तरचा फोटो, बाजूला मेणबत्ती. फोटोतही तीच खळ घातलेली साडी. तिचे विद्यार्थी बोलले, रडले. मग माझं नाव घेतलं, ‘मॅडमच्या सहकारी’. मी ऐकून घेतलं. भास्कररावांनी शाळेचा ढोलक मांडीवर घेतला, गुडघे कुरकुरले. शीतल पेटीवर. ‘आजी, पट्टी जरा खाली घेऊ का?’ ती हळूच म्हणाली.

‘काहून? मी काय म्हातारी झाले का?’

मी माझं सगळ्यात गाजलेलं गाणं घेतलं, जुन्या पट्टीत. मुखडा नीट गेला. अंतरा आला. त्याची शेवटची ओळ उंच चढते आणि शिखरावर थांबते, तिथे टाळ्या घ्यायच्या असतात. मी चढले. आणि वरचा सूर तिथे नव्हताच. श्वास संपला, आवाज फाटला, माझं तोंड उघडं आणि आतून काही येईना. समोर सगळी माणसं आणि तो फोटो. रेकॉर्डमध्ये या जागेवर काय करायचं ते लिहिलेलंच नव्हतं. काय करावं? मी लोकांकडे बघायचं सोडलं आणि मान वळवून मागे बघितलं.

भास्कररावांनी मान वर केली.

चष्म्याच्या जाड काचांतून ते माझ्याकडे बघत होते, घाबरलेले. हात थांबला नव्हता. दोन हलक्या थापा दिल्या, खालच्या अंगाने, जशी उतरणीला पायरी दाखवावी. मी वर जायच्या ऐवजी खाली गेले. ओळ अर्धीच म्हटली, राहिलेली नुसती गुणगुणले. पुन्हा श्वास घेतला तो भलत्याच ठिकाणी. ते बघतच होते. मग काय, सोडते का मी! मी ओळ संपवायलाच तयार नव्हते. शब्द उलटे घेतले, एक शब्द चारदा म्हटला, समेच्या जवळ जाऊन परत फिरले. शीतलने पेटीवरचा हात काढून घेतला. कुठे चालले होते मला ठाऊक नव्हतं, सूर कधी कधी चक्क बेसूर लागत होता, आणि मला लाजसुद्धा वाटेना. शेवटी कशीबशी सम आली, म्हणजे त्यांनीच ती आणली, आणि गाणं थांबलं. टाळ्या पडल्या नाहीत. प्रार्थनासभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून असेल. तसंच धरू.

परतीच्या बसमध्ये अहमदपूरपर्यंत मी दम धरला. मग मीच विषय काढला. ‘आज बघितलंत माझ्याकडं.’

‘बघणार न्हाई तर काय? लई चुकलीस आज.’

‘एस्तर नव्हती चुकत?’

हा माणूस उत्तरात काटकसर करतो पण खोटं बोलत नाही. ‘ती चुकत नव्हती. ती जायची अन् फिरून यायची. तू आज गेलीस ती आलीच न्हाईस. मलाच यावं लागलं तुला आणायला.’

‘आलात ना पण?’

‘हाव. आलो की.’

एस्तरला आणायला त्यांना कधीच जावं लागलं नाही. तेवढ्या बाबतीत मी तिच्या वरचढ. संपादकसाहेब, एवढं एक वाक्य छापताना कापू नका.